आईंचा आकडा

दोन वर्षांपूर्वी सासूबाईंना दवाखान्यातून घरी सोडलं, तेव्हा कागदावर ‘हार्ट फेल्युअर’ असं लिहिलेलं होतं. ‘फेल’ हा शब्द वाचून मामंजी मटकन खालीच बसले. डॉक्टरांनी समजावलं, की हृदय बंद पडलेलं नाही, पंप अशक्त झालाय. त्यामुळे अंगात पाणी साठतं, पाय सुजतात, आडवं झालं की दम लागतो. गोळ्या चुकवायच्या नाहीत, मीठ बेताचं. आणि रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी वजन करायचं. तीन दिवसांत दोन किलोहून जास्त वाढलं तर ते अंगावर धरलेलं मांस नव्हे, पाणी! लगेच कळवायचं.

ऐकायला किती सोपं! पण आई राहतात खेड्यात, मी तालुक्याच्या गावी. दवाखान्यातून मेसेज यायचे, ‘औषधे वेळेवर घ्या’ वगैरे. ते यायचे मामंजींच्या फोनवर. फोन मामंजींच्या खिशात आणि मामंजी पारावर! एकही मेसेज आईंपर्यंत पोचला नाही. आमच्या बचत गटाच्या बैठकीत मी सहज विचारलं, “तुमच्या केसपेपरवर नंबर कुणाचा गं?” बहुतेक जणी म्हणाल्या, “ह्यांचा.” आजार आपला, निरोप मात्र दुसऱ्याच्या खिशात.

शेवटी आईंना बटणांचा साधा फोन घेऊन दिला. आई चौथी शिकलेल्या. वाचतात छान, पण मेसेज लिहिणं काही जमेना. मग ठरवलं, आकडे तर येतात ना! रोज सात वाजता मी मेसेज करायचा, ‘आई, वजन किती?’ आणि त्यांनी नुसता आकडा पाठवायचा. टिंब कुठलं दाबायचं ते सापडेना म्हणून ५४.१ चं झालं ५४१. आठपर्यंत आकडा आला नाही तर माझा फोन गेलाच म्हणून समजा.

मागच्या मे महिन्यात रविवारी ५४१ आला. सोमवारी ५४८, मंगळवारी ५५७. फोन केला तर म्हणाल्या, “मी बरी आहे गं, लग्नाचं जेवण अंगी लागलं असेल.” बुधवारी ५६५! मी तडक गाडी करून गेले. पाय दाबून पाहिला तर बोटाचा खड्डा तसाच राहिला. रात्री दोन उशांऐवजी तीन घेऊन झोपत होत्या, तेही सांगितलं नव्हतं. खोदून विचारलं तेव्हा खरं कळलं. भाचीच्या लग्नाला जायचं म्हणून रविवारपासून लघवीची गोळीच घेतली नव्हती. “मांडवात बायकांना जायची सोय नसते. गोळी घेऊन काय करू?” म्हणाल्या. घरी आल्यावरही हळदी, पूजा, पाहुणे चालूच.

रागावू कशी? आपण सगळ्याच प्रवासाला निघताना पाणीसुद्धा पीत नाही. डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी औषध बदलून दिलं, रक्त तपासलं. ॲडमिट करावं लागलं नाही. ते म्हणाले, आणखी चार दिवस गेले असते तर रात्री-बेरात्री धाप लागूनच आणलं असतंत. आता बाहेर जायचं असलं की गोळी किती वाजता घेतली तर चालेल, हे आम्ही त्यांनाच आधी विचारतो.

सिडनीत हृदयाच्या ७१० रुग्णांना सहा महिने आठवड्याला चार मेसेज पाठवून पाहिले होते, त्याचा अहवाल २०१५ मध्ये आला. कोलेस्टेरॉल, रक्तदाब थोडा उतरला, सिगारेटीही सुटल्या. पण ते रक्तवाहिन्यांच्या आजाराचे रुग्ण होते, आईंसारखे नव्हेत. ब्राझीलमध्ये आईंच्याच आजाराच्या रुग्णांवर असा प्रयोग झाला. २०२४ मधल्या त्याच्या अहवालात रुग्ण स्वतःची काळजी अधिक घेऊ लागल्याचं दिसलं, पण हृदयावरचा ताण दाखवणाऱ्या रक्ततपासणीत फरक पडला नाही. मला याचं नवल वाटलं नाही. नुसत्या मेसेजनं पाय उतरत नाहीत हो! आलेला आकडा कुणीतरी बघायला हवा, आणि वाढला तर उठून जायला हवं.

आता गटातल्या आणखी तिघींच्या घरी हे सुरू झालंय. एकीची मुलगी पुण्याहून विचारते. मी फक्त एवढं बजावते, की गोळी आपल्या मनानं वाढवायची नाही, गुडघे दुखले तरी डॉक्टरांना न विचारता दुखण्याची गोळी घ्यायची नाही, आणि ‘कमी सोडियमचं’ मीठसुद्धा विचारल्याशिवाय आणायचं नाही. त्यात पोटॅशियम असतं. हृदयाच्या काही गोळ्यांबरोबर ते अंगाशी येऊ शकतं.

कालचा आकडा ५४३. पाठोपाठ फोन. “अगं, आज संकष्टी. सैंधव चालतं ना? ते उपासाचं.”

“आई, उपासाला चालतं, पण तेही मीठच.”

“बरं बरं,” म्हणाल्या, “मग खिचडीत निम्मंच घालते.”