फुकट उत्तराचे मोल

वाण्याचा व्यवसाय कोणता, हे ओळखण्यास श्रम पडत नाहीत. तो धान्य तोलून देतो व आपण त्याचे पैसे मोजतो. परंतु काही दुकाने अशी असतात की, तेथे रोज जाऊनही नेमके काय विकले जाते, हे आपल्या ध्यानात येत नाही. अमेरिकेतील ‘गूगल’ ही विख्यात कंपनी त्यांपैकीच एक होय.

ग्रहण का लागते, अमुक गावाचा रस्ता कोणता, असे काहीही विचारा. गूगल क्षणार्धात उत्तर शोधून देते आणि त्याबद्दल एक पैही मागत नाही. मग तिच्या हजारो कर्मचाऱ्यांचे वेतन व अवाढव्य यंत्रशाळांचा खर्च कोण देतो?

लॅरी पेज व सर्गेई ब्रिन या स्टॅनफर्ड विद्यापीठातील दोन विद्यार्थ्यांनी १९९८ साली ही कंपनी स्थापन केली. ज्या पानाचा निर्देश इतर अनेक महत्त्वाच्या पानांवर आढळतो, ते पान अधिक महत्त्वाचे मानावे, अशी त्यांची युक्ती होती. त्याच वर्षीच्या एका निबंधात त्यांनी असे मत मांडले होते की, जाहिरातींवर जगणारे शोधयंत्र वाचकापेक्षा जाहिरातदाराकडे झुकण्याचा संभव असतो.

तथापि केवळ लौकिकावर कंपनी चालत नाही. २००० साली गूगलने उत्तरांसोबत जाहिराती देण्याची नवी पद्धत सुरू केली. कोणी ‘सायकल’ हा शब्द शोधला की, सायकली विकणाऱ्यांमध्ये पानावरील जागेसाठी तत्काळ लिलाव होतो. हा लिलाव यंत्रेच करतात. कोण किती रक्कम देऊ इच्छितो आणि कोणाची जाहिरात वाचकाच्या अधिक उपयोगी पडेल, हे दोन्ही पाहून जागा दिली जाते. वाचकाने जाहिरात उघडली, तरच बहुधा जाहिरातदारास पैसे द्यावे लागतात.

गूगलची पालक कंपनी ‘अल्फाबेट’ हिला २०२४ साली सुमारे ३५,००० कोटी डॉलर मिळाले. त्यांपैकी सुमारे २६,५०० कोटी, म्हणजे दर चार डॉलरांमागे तीन, जाहिरातींचे होते. यावरून तिचा खरा व्यवसाय ध्यानात येतो. शोध ही तिची सेवा आहे; पण ती विकते, ती आपल्या नजरेसमोरची जागा!

ही नजर किती मोलाची आहे पाहा. दूरध्वनी हाती घेताच लोकांनी प्रथम गूगलकडेच वळावे, यासाठी तिने २०२१ या एका वर्षात इतर कंपन्यांना २,६०० कोटी डॉलरांहून अधिक रक्कम दिली. अशा करारांद्वारे तिने शोधाच्या क्षेत्रातील आपली मक्तेदारी बेकायदा राखली, असा निर्णय अमेरिकेतील एका न्यायालयाने २०२४ साली दिला. कंपनीस तो मान्य नाही.

जाहिरात घेणे हा काही अपराध नव्हे. वृत्तपत्रेही तिच्या आधारानेच स्वस्त मिळतात. जाहिरातदार पैसे देतात, म्हणूनच गरीब विद्यार्थ्यास व धनवंतास एकच ज्ञानभांडार विनामूल्य खुले होते. मात्र प्रथम दिसणारे उत्तर सर्वांत उत्तम असेलच, असे मानू नये. त्यावर ‘प्रायोजित’ असा लहानसा शब्द आहे का, हे आधी पाहावे. ज्या वस्तूसाठी जगातील व्यापारी बोली लावतात, ते आपले लक्ष आपण तरी विचारपूर्वक खर्च करावयास नको काय?