स्वप्नं का पडतात?

सबमिशनच्या आदल्या रात्री माझं ठरलेलं स्वप्न: व्हायवा सुरू आणि जर्नल कोरं! मनी वसे ते स्वप्नी दिसे.

फ्रॉइड म्हणाला, स्वप्नात दडपलेल्या इच्छा पूर्ण होतात. १९७७ मध्ये हॉब्सन आणि मॅकार्लींनी मांडलं, की झोपेत मेंदूत आपोआप सिग्नल उठतात आणि मेंदू त्यांचीच स्टोरी जुळवतो.

पण माझ्या रूममेटची आजी किल्लारीची. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३.५६. गणपती विसर्जन करून लोक झोपलेले आणि दगडमातीची घरं अंगावर आली. आजीला अजून तीच भिंत पडताना दिसते. ही कसली इच्छा?

खुद्द फ्रॉइडलाही १९२० मध्ये मान्य करावं लागलं, की आघाताची स्वप्नं इच्छापूर्तीच्या नियमात बसत नाहीत.

तेव्हा मित्रांनो, हॉस्टेलवर रात्री कुणी दचकून उठलं तर अर्थ सांगत बसू नका. लाईट लावा, पाणी द्या, ऐकून घ्या.