‘जरा दोन मिनिटं आहेत का?’

‘आता ऑफिस सुटल्यावर साहेबांचा फोन उचलायची गरज नाही, कायदाच झालाय तसा.’ डिसेंबर 2025 पासून हे छातीठोकपणे सांगणारे बरेच भेटतात. ऐकायला गोड आहे, पण खरं नाही. बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी ‘राइट टू डिस्कनेक्ट’ नावाचं विधेयक लोकसभेत मांडलं, एवढंच घडलंय. 2018 च्या डिसेंबरमध्येही त्यांनी ते मांडलं होतं. मे 2019 मध्ये ती लोकसभा विसर्जित झाली आणि तिच्याबरोबर ते विधेयकही गेलं. शिवाय हे विधेयक सरकारी नाही, खासगी सदस्याचं आहे. स्वातंत्र्यानंतर अशी जेमतेम 14 विधेयकं कायद्यात उतरली आणि त्यातलं शेवटचं उतरलं ते 1970 मध्ये. तेव्हा साहेबांना ‘कलम अमुक’ दाखवायच्या बेतात असाल तर जरा थांबा.

मग हातात आहे तरी काय? महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात आठवड्याला 48 तासांची मर्यादा आहे आणि जादा कामाला दुप्पट दराने वेतन आहे. दिवसाची मर्यादा 9 तासांवरून 10 करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर 2025 मध्ये घेतला, आठवड्याचे 48 मात्र तेच राहिले. पण रात्री दहाला घरून व्हॉट्सअ‍ॅपवर दिलेलं उत्तर या 48 तासांत धरायचं की नाही, याबद्दल कायद्यात अवाक्षर नाही. त्यातून व्यवस्थापकीय आणि देखरेखीच्या पदांवरच्या लोकांना हा कायदा लागू होत नाही. इथे आणखी एक समज पक्का बसलेला असतो, की कार्डावर ‘असिस्टंट मॅनेजर’ छापलं म्हणजे आपण कामगार उरलो नाही. तसं नसतं. पदाचं नाव काय आहे यापेक्षा प्रत्यक्ष काम काय करता, हे कामगार न्यायालयं बघत आली आहेत. वागळे इस्टेटच्या बॅक ऑफिसांत दिवसभर डेटा भरणारे ‘मॅनेजर’ काही कमी नाहीत.

परदेशात तरी सगळं आलबेल आहे का? फ्रान्समध्ये 2017 पासून 50 किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपन्यांना या विषयावर कर्मचाऱ्यांशी वाटाघाटी कराव्या लागतात. ऑस्ट्रेलियात 26 ऑगस्ट 2024 पासून कर्मचारी कामाच्या वेळेनंतरचा फोन नाकारू शकतो, पण तो नकार अवाजवी नसावा अशी अट आहे. म्हणजे साहेबाने फोन करायला तिथेही बंदी नाही. संपर्क टाळायची जबाबदारी थेट मालकावर टाकली ती पोर्तुगालने, 2021 मध्ये.

कायद्याचं एवढं पुरे. खरा त्रास ऑफिसच्या वेळेतच जास्त होतो, आणि त्याबद्दलचे समज तर आपण रोज एकमेकांना फॉरवर्ड करत असतो.

सगळ्यात फिरलेला आकडा 23 मिनिटांचा. ‘एकदा लक्ष उडालं की पुन्हा लागायला 23 मिनिटं 15 सेकंद लागतात’ हे वाक्य ट्रेनिंगच्या प्रत्येक स्लाइडवर असतं. याचं मूळ कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन इथल्या ग्लोरिया मार्क यांच्या कामात आहे. ऑफिसात माणसं प्रत्यक्ष काय करतात, हे त्यांच्या चमूने शेजारी बसून, घड्याळ लावून टिपलं. त्यांच्या 2005 च्या शोधनिबंधात असं दिसलं की मध्येच सुटलेलं काम माणूस साधारण 25 मिनिटांनी पुन्हा हातात घेतो आणि दरम्यान सरासरी दोन वेगळी कामं करून येतो. म्हणजे एवढा वेळ तो डोकं धरून बसलेला नसतो, दुसरीकडे जुंपलेला असतो. लक्ष एकवटायला लागणारा वेळ आणि कामाकडे परत यायला लागणारा वेळ या वेगळ्या गोष्टी आहेत. स्लाइडवाल्यांनी त्यांची गल्लत केली.

याहून चकवणारा निष्कर्ष त्यांच्याच 2008 च्या प्रयोगाचा आहे. ज्यांना मध्ये मध्ये अडवलं, त्यांनी काम उलट लवकर संपवलं आणि दर्जाही फारसा घसरला नाही! पण ताण, चिडचिड आणि घाईत असल्याची भावना वाढलेली होती. साहेब म्हणतात, ‘बघा, दिवसभर फोन घेऊनही रिपोर्ट वेळेत दिलाच की!’ त्यांचं बरोबर आहे. रिपोर्ट येतोच. त्याची किंमत रात्री साडेआठला घरी पोचलेल्या माणसाच्या आवाजात दिसते आणि ती कुठल्याच एक्सेल शीटमध्ये नसते.

आता ‘एका मिनिटाचं तर काम आहे’ हा समज घेऊ, कारण सगळ्यात जास्त नुकसान याने होतं. डोंबिवली पूर्वेतल्या एखाद्या सीएच्या ऑफिसात 19 तारखेला डोकावून बघा. 20 तारीख म्हणजे मासिक जीएसटी रिटर्नची मुदत. टेबलावरची मुलगी क्लायंटची खरेदीची बिलं पोर्टलवरच्या ‘टू-बी’ या यादीशी ताडून बघतेय. डावं बोट रजिस्टरच्या ओळीवर, नजर स्क्रीनवर, ओठ हलताहेत. फोन वाजतो. ‘मॅडम, चलन भरलं का?’ ‘हो, कालच.’ फोन ठेवला. पाच सेकंदही झाले नसतील. बोट अजून तिथेच आहे, पण ही ओळ बघून झाली होती की बघायची होती? झाली समजून पुढे गेली तर एक बिल तपासायचं राहतं. राहिली समजून पुन्हा धरली तर तेच क्रेडिट दोनदा लागतं. दोन्हीतलं काहीही झालं तरी ते कळणार काही महिन्यांनी, नोटीस आल्यावर. त्या पाच सेकंदांच्या फोनवर ठपका ठेवायला तेव्हा कुणी जाणार नाही.

हा नुसता तर्क नाही. मिशिगन स्टेट विद्यापीठात एरिक ऑल्टमन आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये दाखवलं, की ठरलेल्या क्रमाने करायच्या कामात सरासरी 2.8 सेकंदांचा व्यत्ययही क्रम चुकण्याचं प्रमाण दुप्पट करतो आणि साडेचार सेकंदांच्या आसपासचा तिप्पट. वेळ जातो म्हणून व्यत्यय वाईट, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात वेळ नगण्य जातो, जातो तो क्रम. म्हणून बँकेतल्या नोटा मोजणाऱ्याशी, औषधं काढणाऱ्या नर्सशी, आकडे ताडणाऱ्याशी ‘फक्त विचारायचं होतं’ असं बोलणं आणि मेलचा मसुदा लिहिणाऱ्याशी तेच बोलणं, यांचा हिशोब सारखा नाही.

फोन उचलला नाही की सुटलो, असंही नाही. फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाच्या 2015 च्या प्रयोगात लोकांनी फोनला हातसुद्धा लावला नव्हता. नुसती नोटिफिकेशन आली, तेवढ्याने एकाग्रतेच्या कामातल्या चुका वाढल्या. फोन टेबलावर उपडा ठेवून ‘मी कुठे बघतोय’ म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. व्हायब्रेशनचा गुरगुराट लाकडी टेबलावर चार माणसांना ऐकू जातो.

‘मग सगळंच बंद करून टाका’ असा सल्ला इथे लगेच येतो. तो देणारे बहुधा निवृत्त असतात. यावर एक चांगला प्रयोग चक्क भारतातच झालाय. त्याचा शोधनिबंध 2019 मध्ये आला आणि त्यात दोनशेवर स्मार्टफोनधारकांनी दोन आठवडे भाग घेतला होता. काहींच्या नोटिफिकेशन नेहमीसारख्या येत राहिल्या, काहींना त्या दिवसातून तीनदा एकगठ्ठा दिल्या, काहींच्या पूर्ण बंद केल्या. तीनदा गठ्ठा मिळालेल्यांना लक्ष लागतंय, काम होतंय, मूड बरा आहे असं वाटलं. पूर्ण बंद असलेल्यांना मात्र हे फायदे फारसे मिळाले नाहीत, उलट काहीतरी हुकतंय ही धाकधूक वाढली. आपल्याकडे तर ती वाढणारच. घरी म्हातारे आईवडील, मूल शाळेच्या बसमध्ये आणि आपण लोकलने तासाभराच्या अंतरावर. ठाण्याहून सीएसएमटी 34 किलोमीटर, डोंबिवलीहून 48, कल्याणहून 54. फोन बंद ठेवून एवढं लांब कोण बसेल?

बसायची गरजही नाही, कारण फोनला मधले रस्ते आहेत. ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावलं की कुणाचाच फोन लागत नाही, असं बरेच जण समजतात. त्यात निवडक नंबरांना मुभा देता येते. शिवाय तोच माणूस लागोपाठ दुसऱ्यांदा फोन करत असेल, तर ती रिंग वाजू देण्याची सोय आहे: आयफोनमध्ये तीन मिनिटांच्या आत, अँड्रॉइडमध्ये पंधरा मिनिटांच्या आत. घरी एवढंच सांगून ठेवायचं, ‘खरंच निकडीचं असेल तर लगेच दुसऱ्यांदा लाव.’ व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप म्यूट केला तरी कुणी तुमचं नाव घालून विचारलं तर ते तुमच्यापर्यंत पोचतं आणि म्यूट केल्याचं ग्रुपमध्ये कुणालाही दिसत नाही. शंभर ‘नोटेड सर’ आणि फुलांसकटचे गुड मॉर्निंग निमूट बाहेर राहतात.

एक समज मात्र आपल्या मनातला आहे आणि तो मोडायला सेटिंग पुरत नाही: ‘निळ्या टिका दिसल्या, आता लगेच उत्तर द्यायलाच हवं.’ लॉरा जुर्जे आणि व्हॅनेसा बोन्स यांनी 2021 मध्ये प्रसिद्ध केलेल्या आठ प्रयोगांत, कामाच्या वेळेबाहेर आलेल्या बिनतातडीच्या मेलना पाठवणाऱ्याला किती लवकर उत्तर हवंय, याचा अंदाज घेणारे सातत्याने चुकत होते. पाठवणाऱ्याला होती त्यापेक्षा जास्त घाई त्याला आहे, असं ते धरत. उपाय अगदी साधा निघाला. ‘हे तातडीचं नाही, सवडीने बघा’ एवढी ओळ पाठवणाऱ्याने लिहिली की फरक बराच कमी होत होता. आपल्याकडे साहेबाचा रात्री पावणेदहाचा मेसेज नुसता ‘कॉल मी’ असा असतो आणि पुढे पूर्णविरामसुद्धा नसतो. वाचणाऱ्याने जेवण टाकून फोन लावला तर चूक कोणाची?

लोकलचा तास रिकामा आहे, मेसेज तिथेच उरकावेत, हेही बिनबोभाट मान्य झालंय. पूर्वी फास्ट गाडी पारसिकच्या बोगद्यात शिरली की रेंज जायची आणि दीड-दोन मिनिटं तरी सुटका व्हायची. फेब्रुवारी 2022 मध्ये ठाणे-दिव्याच्या नव्या मार्गिका सुरू झाल्यापासून फास्ट लोकल त्या बोगद्यातून जाणंच थांबलं. ‘ट्रेनमध्ये आहे साहेब, आवाज तुटतोय’ हे वाक्य अजून चालतं, पण ते आता निम्म्या वेळा खोटं असतं. एका हाताने कडी धरून दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने क्लायंटला लिहिलेला मेसेज कसा असतो हे आपण सगळेच जाणतो. तो सकाळी पुन्हा समजावून सांगावा लागतो. जर्मनीतल्या मानहाइम विद्यापीठाच्या झाबिने झोनेनटाग यांनी अनेक वर्षं केलेल्या अभ्यासातून हेच पुढे आलंय, की कामाच्या वेळेनंतर ज्यांचं मन कामापासून सुटतं त्यांना थकवा कमी जाणवतो. घर आणि ऑफिस यांच्यामध्ये तास-दीड तास असणाऱ्यांना खरं तर ही सोय आयती मिळालेली होती.

आणि सगळा दोष ग्रुपवर, साहेबावर, क्लायंटवरही टाकता येणार नाही. मार्क यांच्या नोंदींत कामातले जवळपास निम्मे खंड माणसाने स्वतःच पाडलेले होते. कुणी हाक मारली नव्हती, रिंग वाजली नव्हती. ‘बघू, काही आलंय का’ म्हणून फोन हातात घेतला, एवढंच.

तरीही ‘हा ज्याच्या त्याच्या संयमाचा प्रश्न आहे’ हे म्हणणं मला पटत नाही. एकट्याने म्यूट करणारा माणूस आपल्या ऑफिसांत ‘अ‍ॅटिट्यूड’वाला ठरतो. सगळ्यांनी मिळून ठरवलं तरच ते टिकतं आणि ठरवायचं फार काही नसतं. खोळंबा होणारं काम असेल तर फोन. आज दिवसभरात हवं असेल तर मेसेज, आणि तोही पूर्ण: ‘हाय’ लिहून वाट बघत बसायचं नाही. बाकी सगळं मेलवर. आकड्यांचं काम चालू असताना त्या टेबलावर कुणी जायचं नाही, फोनसुद्धा शेजारच्याने घ्यायचा. हातातलं सोडून उठायची वेळ आलीच, तर कुठे थांबलो आणि पुढे काय, ही एक ओळ आधी कागदावर लिहायची. सोफी लरॉय यांनी 2009 मध्ये दाखवलं होतं की अर्धवट सोडलेलं काम पुढच्या कामातही डोक्यात रेंगाळत राहतं. ते रेंगाळणं अशा एका ओळीने बरंच कमी होतं, हेही त्यांच्याच पुढच्या अभ्यासात दिसलं.

या सगळ्याची सुरुवात वरून झाली तर महिन्याभरात सवय पडते, खालून झाली तर आठवड्यात मोडते. म्हणून विनंती साहेबलोकांनाच. रात्री पावणेदहाला सुचलेली गोष्ट जरूर लिहून ठेवा, फक्त सकाळी साडेनऊला पाठवा. मेलमध्ये ‘शेड्यूल सेंड’ त्यासाठीच दिलंय.