मत राखून ठेवले आहे : बुडालेल्याच्या अहवालाची भाषा

वर्सोव्याच्या किनाऱ्याला किंवा पलीकडे मढच्या बाजूला मृतदेह लागला, की त्याच्याविषयी दोन कागद तयार होतात. पोलिसांचा पंचनामा मराठीत असतो. पंच तो वाचून सही करतात. कूपर रुग्णालयातील शवविच्छेदनाचा अहवाल इंग्रजीत असतो. तो घरी येतो, कपाटात जातो आणि विम्याच्या वेळी बाहेर निघतो. मी डॉक्टर नाही. ओळखीच्या घरांतून असे अहवाल पुढ्यात येऊ लागले, तेव्हा डॉ. जयसिंग मोदींच्या १९२०च्या न्यायवैद्यक ग्रंथापासून वाचायला बसलो. त्यातून एक सूत्र हाती लागले : अहवाल मुख्यतः शरीरावर काय दिसले ते सांगतो, ते कसे घडले, हे त्यातला प्रत्येक शब्द सांगत नाही.

'वॉशरवुमन्स हँड्स' म्हणजे धुणे धुणाऱ्या बाईसारखे हात, पांढरे पडलेले, सुरकुतलेले. घरचे याला बुडाल्याचा पुरावा समजतात. पण मृतदेह पाण्यात टाकला तरी हात तसेच होतात. हा शब्द शरीर पाण्यात होते एवढेच सांगतो. 'क्युटिस अन्सेरिना', म्हणजे अंगावरचा काटा, त्याचेही तेच.

'फ्रॉथ'चे वजन जास्त. पाणी, श्वासमार्गातला चिकट स्राव आणि हवा घुसळून बारीक पांढरा फेस होतो. पुसला तरी पुन्हा येतो. त्यासाठी श्वास चालू असावा लागतो. मात्र काही विषबाधांतही फेस दिसतो, आणि शरीर कुजू लागले की तो नाहीसा होतो. घट्ट मिटलेल्या मुठीत गाळ किंवा शेवाळ सापडले, तर माणूस पाण्यात जिवंत होता याची ती भक्कम खूण.

सर्वात जास्त भीती 'इंज्युरीज' या रकान्याची. ओठ, पापण्या, कान गेलेले वाचून घरच्यांना घातपाताची शंका येते. पुढे 'पोस्टमॉर्टेम' लिहिले असेल, तर ती जखम मृत्यूनंतरची, बहुधा मासे-खेकड्यांची. 'अँटीमॉर्टेम' म्हणजे मृत्यूपूर्वीची. जिवंतपणी झालेल्या जखमेत रक्त आजूबाजूच्या मांसात झिरपते. पण तीही खडकावर आपटून होऊ शकते. 'ॲब्रेजन' म्हणजे खरचटणे, 'कन्ट्युजन' म्हणजे मुका मार. 'लॅसरेशन' बोथट आघाताने फाटलेली जखम, 'इन्साइज्ड' धारेने कापलेली. सुरीचा संशय असेल, तर शेवटच्या दोन शब्दांतला फरक निर्णायक ठरतो.

शेवटी कारण : 'अस्फिक्शिया ड्यू टू ड्राउनिंग', म्हणजे बुडून श्वास कोंडला. अपघात, आत्महत्या की कोणी ढकलले, हे या चार शब्दांत नाही. ते चौकशीतून ठरायचे : पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ खाली, १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली.

कधी मात्र कारणाच्या जागी 'ओपिनियन रिझर्व्ड' असते, मत राखून ठेवले आहे. काहीतरी दडवले, असे घरात वाटते. प्रत्यक्षात जठर, यकृत, मूत्रपिंडाचे तुकडे मिठाच्या संपृक्त द्रावणात कलिन्याच्या न्यायसहायक प्रयोगशाळेत जातात. मासळी टिकवायला मीठ वापरणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. कधी हाडातल्या मगजात डायॅटम शोधतात, वाळूसारखे कवच असलेली सूक्ष्म शैवाले. हृदय चालू असेल तरच ती रक्तातून तिथवर पोचतात, असा तर्क. मात्र या चाचणीविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत.

थांबलेले मत थांबलेल्या पैशांचेही कारण होते. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेच्या गट अपघात विम्यात नोंदणीकृत मच्छीमाराच्या अपघाती मृत्यूस ५ लाख रुपये आहेत. त्यासाठी मृत्यू अपघाती असल्याचे कागदोपत्री दाखवावे लागते. म्हणून शवविच्छेदनाचा क्रमांक आणि पोलिसांकडचा अकस्मात मृत्यूचा क्रमांक जपून ठेवावा, प्रयोगशाळेचा अहवाल आला का हे ठाण्यात विचारत राहावे आणि अंतिम मत लेखी मागावे.

मृत्यूपूर्व, मृत्यूत्तर, खरचटणे, मुका मार : मराठीत शब्दांची वाण नाही. अहवालासोबत एक पानभर मराठी सारांश जोडला, तर आपल्या माणसाला काय झाले हे विचारायला कोणाला दारोदार जावे लागणार नाही.