संबंधानंतर ओटीपोट दुखते? अंगावर काढू नका



हा विषय आपल्याकडे उघड बोलला जात नाही. शरीरसंबंधानंतर ओटीपोटात दुखले, तर बाई गप्प बसते. "बाईच्या जातीला हे असायचंच," अशी समजूत घातली जाते. पण हे दुखणे नशिबाचे नव्हे. त्याला कारण असते आणि बहुधा उपायही असतो.

एखादे वेळी कळ आली नि थोड्या वेळात थांबली, तर घाबरू नये. गर्भाशयाचे स्नायू आवळल्याने असे होते. बाळ अंगावर पीत असताना किंवा पाळी गेल्यावर योनीमार्ग कोरडा पडतो, त्यानेही आग होते, दुखते.

वारंवार दुखत असेल तर मात्र कारण शोधावे. सोबत घाण वासाचे पांढरे जात असेल, तर जंतुसंसर्गाची शंका घ्यावी. तो अंगावर काढल्यास गर्भनलिका बंद होऊन मूल राहण्यास अडचण येते. लघवीला जळजळ होत असेल, तर लघवी तपासावी. पाळीतही असह्य दुखत असेल, तर गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढलेला असू शकतो. अंडाशयावर किंवा गर्भाशयात गाठ असली, तर सोनोग्राफीत बहुधा कळते. पुरुषालाही प्रोस्टेट ग्रंथी सुजल्याने असे दुखणे येते.

पाळी चुकली आहे आणि एका बाजूला एकदम जोराची कळ येऊन चक्कर आली, तर गर्भ नलिकेत राहिलेला असू शकतो. यात जिवाला धोका असतो. त्याच घटकेला रुग्णालय गाठावे. ताप असेल तरी थांबू नये. संबंधानंतर रक्त जात असेल, तर गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी करून घ्यावीच.

आता महत्त्वाचे. दुखते म्हटल्यावर "पिशवी काढून टाका" हा सल्ला लगेच मान्य करू नका. बीड जिल्ह्यात ऊसतोडणीला जाणाऱ्या अनेक बायकांच्या पिशव्या तरुण वयातच काढल्या गेल्या. 2019 साली शासनाला त्याची चौकशी करावी लागली. संसर्ग पुष्कळदा गोळ्यांनी बरा होतो. दोन्ही अंडाशयेही काढली, तर पाळी अकाली जाते आणि हाडे ठिसूळ होतात. म्हणून आधी तपासणी, मग दुसऱ्या डॉक्टरांचे मत, आणि मगच निर्णय.

गोळ्यांचा कोर्स पुरा करावा. डॉक्टरांनी सांगितल्यास नवऱ्यानेही औषध घ्यावे, नाहीतर दुखणे परत येते. आणि बंधूंनो, घरात दुखतंय असं कळलं, तर जबरदस्ती नको. दवाखान्यात सोबत जा.