दाण्याचं कूट आणि विलायतेतलं बाळ

इकडे इंग्लंडमध्ये बहुतेक नर्सरींच्या दारावर 'नट्स आणू नका' अशी पाटी असते. दाण्याच्या कुटाशिवाय भाजी न होणाऱ्या घरातून आलेल्या माणसाला आधी हसूच येतं. मग कुणाच्या तरी मुलाला एका बिस्किटापायी रात्री ॲम्ब्युलन्समधून न्यावं लागलं, असं कानावर येतं आणि हसू पळतं.

१९९८ मध्ये इथल्या सरकारचाच सल्ला होता, की घराण्यात ॲलर्जी, दमा असेल तर मुलाला तीन वर्षांपर्यंत शेंगदाणा देऊ नका. ॲलर्जी काही कमी झाली नाही. २००८ मध्ये लंडनचे डॉ. गिडिऑन लॅक आणि सहकाऱ्यांनी ब्रिटनमधली आणि इस्रायलमधली ज्यू मुलं ताडून पाहिली. वंश साधारण एकच, तरी ब्रिटनमध्ये शेंगदाण्याची ॲलर्जी सुमारे दहापट! इस्रायलमध्ये बाळं दात येण्याआधीच 'बांबा' चघळतात. (तिथल्या आपल्या बेने इस्रायली वाचकांना बांबा काय ते सांगायला नको. इतरांसाठी: शेंगदाण्याचे कुरकुरे.)

पुढे त्यांनीच ६४० बाळांवर प्रयोग केला. सगळी तीव्र एक्झिमा किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली, म्हणजे धोक्यातलीच. पाचव्या वर्षी, शेंगदाणा टाळलेल्यांत १७ टक्क्यांना ॲलर्जी निघाली, नियमित खाल्लेल्यांत ३ टक्क्यांना. हे २०१५ साली प्रसिद्ध झालं.

असं का, तर फुटलेल्या त्वचेतून दाण्याचा कण आत गेला की शरीर त्याला शत्रू समजतं, पोटातून गेला की ओळखीचा मानायला शिकतं. या शिकवणीत आतड्यातल्या जिवाणूंचाही हात असतो. आईच्या दुधातल्या काही साखरा बाळाला पचतच नाहीत. त्या या जिवाणूंचंच जेवण! पुढे वरण-भात, भाज्या सुरू झाल्या की तंतूंवर जगणारे जिवाणू वाढतात आणि प्रतिकारशक्तीला जरा सबुरीने घ्यायला लावतात. म्हणून महागडे प्रोबायोटिक थेंब आणावेत असं मात्र मला वाटत नाही. ॲलर्जी टाळण्यासाठी त्यांचा पुरावा अजून तोकडा आहे.

आमच्या लेकीला चौथ्या महिन्यातच एक्झिमा झाला, गाल अगदी सोलवटून निघाले होते. व्हिडिओ कॉलवर सासूबाई म्हणाल्या, "अगं, उष्टावणाला मऊ भातात कूट कालव, काही होत नाही." नवऱ्याचं म्हणणं, घरात दाणाच नको. शेवटी डॉक्टरांना विचारलं. हातावर टोचून चाचणी झाली, निर्धोक निघाली, आणि सहाव्या महिन्यात दह्यात अर्धा चमचा सुरू केलं. आता आठवड्यातून तीनदा देतो. मधेच सोडायचं नाही, असं बजावलंय.

एक्झिमा जोरात असेल किंवा अंडं बाधलं असेल तर आधी डॉक्टर, मगच दाणा. आणि आजी मंडळी, भारतातून येताना कूट आणलंत तर ते जाडंभरडं नको, पिठासारखं बारीक हवं. अख्खा दाणा पाच वर्षांपर्यंत हातात द्यायचा नाही. तो घशात अडकतो.