रोशा गवत: रानातून वाफ्यात

नंदुरबार-तळोद्याच्या डोंगरांपासून मेळघाटापर्यंत आणि पलीकडे निमाडात, पावसाळा सरत आला म्हणजे जे पुरुषभर उंचीचे, तांबूस तुऱ्यांचे गवत मोकळ्या उतारांवर ठोंबाठोंबाने फुलते आणि ज्याचा तुरा बोटांत चुरगाळताच गुलाबाशी नाते सांगणारा परिमळ दरवळतो, त्या रोशा गवताने एके काळी खानदेशचा माल इस्तंबूलच्या पेठेपर्यंत पोहोचविला होता. जंगलातील गवताचा मक्ता घ्यावा, ओढ्याकाठी भट्टी लावावी, डेगीत तुरे व पाणी भरून त्यांची वाफ बांबूच्या नळीतून थंड पाण्यात ठेवलेल्या भांड्यात उतरवावी आणि वर तरंगणारे तेल मुंबई बंदराकडे रवाना करावे, असा हा व्यवहार होता. तुर्कस्तानात या तेलाची गुलाबाच्या अत्तरात भेसळ होई. आणि ती खपून जाई, कारण रोशाच्या तेलाचा मुख्य घटक जे जिरॅनिऑल, त्याचा गुलाबाच्या सुवासातही मोठा वाटा असतो.

परंतु रानातून कापून आणलेल्या भाऱ्यावर उभ्या राहिलेल्या या धंद्यात एक मूलभूत वैगुण्य होते. रोशाचे प्रकार दोन, मोतिया आणि सोफिया. आणि दिसण्यात ते इतके सारखे की वनस्पतिशास्त्रज्ञ त्यांची गणना एकाच जातीत करीत आले. मोतिया कोरड्या, निचऱ्याच्या उतारावर विरळ वाढतो. सोफिया सखल, ओलसर जागी दाट माजतो. मोतियाच्या तेलात जिरॅनिऑल साधारणतः ७५ ते ९० टक्के भरते, तर सोफियात ते पुष्कळ कमी असून तेलाला आल्याकडे झुकणारा उग्र दर्प येतो व बाजारात त्याला भाव कमी मिळतो. दोन्ही प्रकार एकाच डेगीत पडले की उत्तम तेलाचीही प्रत उतरते. रानटी सुगंधी वनस्पतीला शेतात आणण्याचे खरे प्रयोजन, माझ्या मते, केवळ उत्पन्न वाढविणे हे नसून आपण नेमके काय लावले आहे याची खातरजमा करता येणे, हे आहे.

या गवताचे बी रानातून उचलून मुद्दाम पेरल्याची एक जुनी नोंद मोठी उद्बोधक आहे. टिपू सुलतानाविरुद्धच्या १७९०–९२ च्या युद्धात कंपनी सरकारच्या फौजेबरोबर गेलेले, जन्माने फ्रेंच असलेले क्लॉड मार्टिन यांनी बालाघाटच्या पठारावर पाहिले की गुरे हे गवत अधाशीपणे खातात आणि त्यांच्या दुधालोण्यालाही त्याचा वास येतो. त्यांनी बी गोळा करून लखनौस पेरले व कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्ग यांच्याकडे धाडले. या गवताच्या शास्त्रीय नावात मार्टिन यांचे नाव आजही आहे.

आता पद्धतीकडे वळू. रोशाचे बी अत्यंत बारीक व हलके असते, म्हणून ते बारीक वाळूत मिसळून गादीवाफ्यावर पेरतात, वर मातीचा पातळ थर देतात आणि वाफा झारीने सतत ओला ठेवतात. एका हेक्टरच्या रोपांसाठी सुमारे अडीच किलो बी पुरते. रोपे महिना-दीड महिन्याची झाली की पावसाच्या तोंडावर त्यांची लावणी होते. तेल मुख्यतः तुऱ्यांत व पानांत असते, दांड्यात ते नाममात्रच; त्यामुळे कापणी फुलोऱ्यावर साधावी लागते.

येथवर सारे सोपे आहे. अडचण उभी राहते ती परागीभवनाची. रोशात परपरागीभवन होते, म्हणून रानात हेरलेल्या एखाद्या उत्कृष्ट ठोंबाचे बी पेरले तरी त्याची संतती मूळ ठोंबासारखीच निपजेल अशी हमी नसते. हे वैविध्य शेतकऱ्याला गैरसोयीचे, पण निवड करणाऱ्या संशोधकाला तेच भांडवल. लखनौच्या ज्या केंद्रीय संस्थेची स्थापना १९५९ साली झाली, तिने सुगंधी वनस्पतींवर असेच काम करून तृष्णा, तृप्ता, पीआरसी-१ असे रोशाचे वाण दिले. ठोंब फोडून फुटवे लावले तर गुण तंतोतंत उतरतात खरे, परंतु रोशाचे फुटवे रोपांइतके खात्रीने जीव धरीत नाहीत.

वाळ्याची आणि पाचेची गोष्ट निराळी. दक्षिणेकडील लागवडीच्या वाळ्याला बी जवळजवळ धरतच नाही, तो फुटव्यांवरच वाढवितात. पाच लागवडीत क्वचितच फुलते, म्हणून तिच्या शेंड्याकडील चार-पाच पेरांच्या कांड्या सावलीत लावून मुळे फुटू देतात. अशा शाखीय अभिवृद्धीने सारे शेत एकाच गुणाचे होते, हा मोठाच लाभ. पण सारी झाडे एकाच कुळीची असल्याने मूळगाठीच्या सूत्रकृमीसारखी एखादी व्याधी शिरली की बचाव करणारे वेगळे झाड त्या शेतात सापडत नाही.

म्हणूनच वाफे सिद्ध झाले की रानाची जबाबदारी संपली, हे मला मान्य नाही. उद्याच्या वाणाची सामग्री त्या उतारांवरच आहे. तेथील मोतियाचे तुरे दरसाल बी झडण्यापूर्वीच सरसकट कापले, तर निवडीला उरणार काय? रानात जावे ते बियाण्यापुरते, आणि पुष्कळ ठोंब तसेच उभे ठेवावेत. यंदा जे शेतकरी रोशा लावू इच्छितात त्यांना एवढीच विनंती, की बियाण्याची पिशवी घेण्याआधी त्या वाणाच्या तेलातील जिरॅनिऑलचे प्रमाण विचारावे, आणि विक्रेत्याला ते सांगता आले नाही तर ते बी घेऊ नये.